गोंदणापर्यंत बांगडी

दवाखान्यात किस्से जमतात ते थांबण्यापायी. वावरात माणसाला काम असतं, बाजारात गिऱ्हाईक असतं. दवाखान्याच्या बाकड्यावर काहीच नसतं. नुसतं दाराकडे पाहत बसायचं आणि आत काय चाललं असेल ते ओळखायचं. मग माणूस बोलायला लागतो. भीती वाटली की जरा जास्तच बोलतो.

मी तर आधीपासूनच बडबड्या. चौथीनंतर शाळा सोडली तीही मास्तरच्या मधे बोलण्यापायी. माझ्या ताईच्या तपासणीसाठी आम्ही काही वर्षं वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात मंगळवार केले. ज्या बायांचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यांना तिथे मंगळवारी परत परत बोलावतात. आजार उलटला का, ते पाहायला. त्याच बाया, त्यांचे तेच नवरे, तेच भाऊ, निंबाखालचं तेच बाकडं. लग्नातही होत नाही एवढी ओळख त्या बाकड्यावर झाली.

हे किस्से मी पानठेल्यावर सांगायचो. लोक हसायचे. ताई ऐकायची आणि म्हणायची, "गज्या, अर्धं खोटं सांगून राह्यला तू." आता तसं म्हणायला ती नाही. म्हणून खरं तेवढंच सांगतो.

* * *

ताईच्या डाव्या छातीत गाठ नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. हाताला गोळीसारखं काही लागत नव्हतं. ती म्हणायची, "जागा घट्ट लागते. कणीक भिजवून ठेवली अन् वरून वाळली, तशी." दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. हिंगणघाटकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. त्यांनी आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथे छातीचा खास एक्स-रे काढायची मशीन होती. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात.

फोटो काढून आम्ही परत वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो. गावची गाडी लागायला वेळ होता. मला दम कुठला? पाकिटातून प्लेट काढली आणि उन्हात धरली. काळ्यात पांढरं धुकं दिसत होतं, दुसरं काही नाही. एक कंडक्टर जवळ आला. शेंगदाणेवाला आला. कॉलेजचा एक पोरगा आला, त्याने प्लेट उलटी करून पाहिली. कंडक्टर म्हणाला, "साफ हाय." शेंगदाणेवाला म्हणाला, "मलेही साफच दिसते." फेटेवाला एक म्हातारा दोन माणसांच्या मधून डोकं घालून म्हणाला, "फुफ्फुस ठणठणीत हाय. बिडी सोडली असंल."

चांगली पंधरा-वीस माणसं जमली. मी प्लेट आणखी उंच धरली, मागच्यांनाही दिसावी म्हणून.

ताई पिशव्या घेऊन भिंतीजवळ बसली होती. ती उठली, गर्दीतून आली, माझ्या हातातून प्लेट काढून घेतली आणि पाकिटात घातली. हळूच म्हणाली, "गजू, ते माह्यं अंग हाय."

गर्दी आपोआप पांगली. कंडक्टर दुसऱ्याच गाडीत जाऊन बसला. गावापर्यंत मी मागच्या सीटवर, ताईच्या नजरेआड.

* * *

नागपूरच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं, फोटोत काही दिसत नाही. मला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी वर्ध्यात पेढ्याचा डबा घेतला आणि दवाखान्याच्या गेटपासून वाटायला सुरुवात केली. वॉचमनला दिला, चिठ्ठी काढणाऱ्याला दिला, बाकड्यावरच्या सगळ्या बायांना दिला. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, बोलणारा माणूस नाही. तो माझ्या मागे मागे "अरे थांब, अरे थांब" करत येत होता.

मॅडमलाही दिला. त्यांनी पेढा कागदासकट टेबलावर ठेवला, प्लेट दिव्यासमोर धरून पाहिली, मग ताईला पडद्याआड घेऊन गेल्या. बराच वेळ लागला. बाहेर येऊन हात धुतले आणि म्हणाल्या, "फोटो साफ आहे. माझा हात मात्र तसं म्हणत नाही. लहानसा तुकडा काढून तपासू."

मी म्हणालो, "मॅडम, फोटो काय खोटं बोलते का?"

"खोटं नाही बोलत. त्याला जेवढं दिसतं तेवढंच सांगतो."

"मंग पेढा खा नं."

"रिपोर्ट आला की खाईन," असं म्हणून त्यांनी पेढा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. कागद काढायला त्यांनी ड्रॉवर ओढला. पेढा तिथेच होता, त्याच कागदात. त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, मी पेढ्याकडे पाहिलं. त्यांनी ड्रॉवर हळूच लावला आणि मग बोलायला सुरुवात केली.

बाहेर पडताना वॉचमन म्हणाला, "या पेढेवाले. आज काय आणलं?" तेव्हापासून त्या दवाखान्यात माझं तेच नाव पडलं.

* * *

आमच्या गावात तेव्हा नुकताच टीव्ही आला होता. सरपंचाच्या ओसरीवर सगळं गाव बसायचं. माझ्या डोक्यात तेच होतं. ऑपरेशनच्या आधी मॅडमशी बोलताना मी तडक म्हणालो, "आवो मॅडम, दिल्लीतला माणूस बोलते तो आमच्या गावात दिसते. अन् हातभर अंतरावरचं बाईच्या अंगातलं दिसत नाई म्हणता. ही काय मशीन झाली?"

भाऊजीने माझ्या पायावर पाय दिला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी भाऊजीला विचारलं, "शेतात काय लावता?"

"वांगे, टमाटे. थोडे आलू."

"आलू जमिनीत कुठे आहे ते उकरलं की कळतं. गोल असतो, हाताला लागतो. बहुतेकींचा आजार तसा असतो, म्हणून फोटोत येतो. ताईंचा आजार हरळीसारखा आहे. गोळा होत नाही. बारीक बारीक मुळ्या ओळीने पसरतात. वरून जमीन तशीच दिसते. म्हणून ऑपरेशन झाल्यावरही नुसत्या फोटोवर भरवसा ठेवायचा नाही. हाताने तपासायचं, परत परत यायचं, आणि काही वेगळं वाटलं की लगेच सांगायचं."

हरळी म्हटल्यावर भाऊजीचं तोंड उतरलं. शेतकऱ्याला हरळी काय ते सांगावं लागत नाही.

घरी गेल्यावर तो वावरातच गेला. वांग्याच्या वाफ्यात हरळी किती वर्षांची होती, कोणी मनावर घेत नव्हतं. त्याने ती खुरप्याने, कुदळीने, शेवटी बोटांनी उकरून काढली. जेवायलाही येईना. आठवडाभराने ताई बांधावर जाऊन उभी राहिली. वाफ्यात हरळीची काडी नव्हती. आणि त्या खणण्यात वांग्याची अर्धी झाडंही उपटून पडली होती.

ताई पाहत राहिली. मग म्हणाली, "ऑपरेशन मॅडमलेच करू द्या, तुमी नका हात लावू. नाईतर माह्यंही वांगं जाईल."

भाऊजी बांधावर खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मी त्याला त्याआधी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं.

* * *

ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. नागपूरला किरणांचा शेकही देऊन झाला. मग आमचे मंगळवार सुरू झाले.

बाकड्यावर रमाकाकू भेटली. देवळीची कासारीण, तिचंही डाव्याच बाजूचं ऑपरेशन झालेलं. ती तपासणीला येताना बांगड्यांची पेटी घेऊन यायची. एवढ्या बाया एका जागी रिकाम्या बसलेल्या, धंदा कोण सोडेल? एक नर्स होती, जाडजूड आणि कडक. ती ओरडली, "हा दवाखाना आहे, बाजार नाही. उचला ते सगळं."

रमाकाकू म्हणाली, "उचलतो वो सिस्टर. पण हात रिकामा काऊन तुमचा? लग्न नाई झालं का?"

"ड्युटीवर चालत नाही."

"ड्युटी किती वाजेलोक हाय?"

संध्याकाळी आमची गाडी निघाली तेव्हा गेटजवळ नर्स हात पुढे करून बसली होती आणि रमाकाकू तिला म्हणत होती, "हात ढिल्ला सोडा सिस्टर. कडक बाईले बांगडी चढत नाई."

* * *

बाकड्याची एक रीत होती. एखादी बाई यायची बंद झाली तर ती कुठे आहे असं कोणी विचारायचं नाही. "तिचा वार बदलला असंल," असं म्हणायचं आणि तिच्या जागेवर सरकून बसायचं. वार बदलला म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत.

एका मंगळवारी खिडकीतला नवीन क्लार्क बाहेर येऊन मोठ्याने म्हणाला, "आर्वीच्या बाई कोण? तुमचा वार बदलला आहे."

ती बाई जागेवरच बसली. तिच्या सासूने गळा काढला. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. क्लार्क कागद हातात धरून उभा. त्याला कळेना की पुढच्या वेळी बुधवारी या म्हटल्यावर इतकं रडण्यासारखं काय आहे.

शेवटी ताई उठली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, त्यांचा मंगळवारच राहू दे. हवा तर माह्या बदल."

मी तिथल्या तिथे ओरडलो, "ताई, गप बस." सगळा दवाखाना माझ्याकडे पाहायला लागला.

* * *

आता गोंदणाचं. ताईच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधे, तुळशीचं झाड गोंदलेलं होतं. ती लहान असताना जत्रेत गोंदून घेतलं. मी तिच्या कडेवर बसण्याएवढा. सुई लागली तशी ताई रडली. ती रडली म्हणून मी मातीचं ढेकूळ उचललं आणि गोंदणारणीच्या डोक्यात हाणलं. म्हणून त्या तुळशीची एक फांदी वाकडी आहे. ताई सगळ्यांना दाखवायची, "ही फांदी माह्या भावाची."

ऑपरेशनच्या वेळी मॅडमने सांगितलं होतं, काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो. कधी नुसतं पाणी उतरत नाही म्हणून सुजतो. कधी काखेत आजार परत आला म्हणूनही सुजतो, आणि तो फोटोत दिसेलच असं नाही. म्हणून हातावर लक्ष ठेवा. त्या टेपने माप घ्यायच्या, पण ते मंगळवारी. घरी टेप कुठे? त्या हातात घट्ट काही घालू नका, असंही बजावलं होतं.

रमाकाकूने ताईला डाव्या हातात थोड्या सैल बांगड्या भरल्या. ताईने बांगडी वर सरकवून पाहिली. ती बरोबर तुळशीच्या बुडाशी जाऊन थांबली.

"हे पाह्य," ताई म्हणाली. "हे माह्यं टेप. बांगडी गोंदणापर्यंत चढली तं बरं. खाली अडकली तं मॅडमकडे पळाचं."

मॅडमला दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. रोज बघा."

झालं. मला काम मिळालं.

* * *

रोज सकाळी दूध घालायला मी ताईकडे जायचो. पहिलं वाक्य, "चढव बांगडी." ती हात पुढे करायची, बांगडी सरकवायची, गोंदणाला टेकवायची. "टेकली का? जा आता." मग मी चहा प्यायचो. बांगडी पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. दुपारी वावरात परत मनात यायचं, सकाळी नीट पाहिलं का? की ती बोटभर खालीच होती?

आठवडी बाजारात आमचं भाजीचं दुकान असायचं. ताई वजन करायची, मी ओरडायचो. गर्दी भरात होती. तराजू धरलेला तिचा हात मला जाड वाटला. मी म्हणालो, "ताई, चढव बांगडी."

"आता?"

"चढव म्हणतो नं."

तिने तराजू ठेवला, बांगडी चढवली. टेकली. मी म्हणालो, "हां, दे आता वांगे."

समोर एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. तिने हे सगळं पाहिलं. तिने पिशवी खाली ठेवली, आपली बांगडी कोपराकडे ढकलली आणि मला म्हणाली, "माह्यी येवढीच चढते बापा. मले भेटतीन का वांगे?"

ताई पोत्यावर बसून हसली. म्हातारीला तिने पाव किलो जास्तीचे घातले.

* * *

आणि एका सकाळी बांगडी अडकली.

गोंदणाच्या खाली, चांगली दोन बोटं. ताईने जोर दिला, मी जोर दिला. "काही नाई रे," ताई म्हणाली, "काल दिवसभर मिरच्या कांडल्या, हात भरून आला." मी ऐकणार आहे का? रस्त्यावर धावलो. कापसाच्या गाठी भरून एक ट्रक चालला होता, त्याच्यासमोर उभा राहिलो. ड्रायव्हरने मला शिव्या घातल्या आणि मग ताईचं तोंड पाहून आम्हाला केबिनमध्ये घेतलं. मंगळवार नव्हता. वॉचमन म्हणाला, "पेढेवाले, आज तुमचा वार नाई." त्याला ढकलून मी आत. मॅडम दुसऱ्या पेशंटजवळ होत्या, मी सरळ पडदा बाजूला सारला. आतली बाई किंचाळली.

मॅडमने मला बाहेर काढलं, ताईला आत घेतलं. टेप लावला, काखेत तपासलं, वेळ घेऊन तपासलं. बाहेर मी निंबाच्या झाडावर डोकं आपटत होतो. खरंच आपटत होतो, त्याची खूण अजून आहे.

मॅडम बाहेर आल्या. "मापात थोडाच फरक आहे. कामाची सूज आहे, उद्या उतरेल." मग माझ्या कपाळाकडे पाहून नर्सला म्हणाल्या, "बहीण ठीक आहे. भावाला टाके घाला."

ताई तेव्हा हसली नाही. टाके पडेपर्यंत माझा हात धरून बसली. परतीच्या गाडीत म्हणाली, "गजू, मले काही झालं तं तू असाच करशीन काय रे?"

मी म्हणालो, "काही होतच नाई तुले."

त्यानंतर ताईची बांगडी कधी अडकली नाही. कधीच नाही. मी रोज पाहत होतो.

* * *

चांगलं चाललं होतं. ताईला नटायची हौस परत आली, असं मला वाटायचं. नागपंचमीला नवीन बांगड्या, दिवाळीला नवीन, संक्रांतीला नवीन. रमाकाकू पेटी घेऊन घरीच यायची, दोघी आतल्या खोलीत बसायच्या. मी बाहेरून ओरडायचो, "काकू, तुह्या धंदा आमच्याच घरावर चालते काय व?" आतून रमाकाकू म्हणायची, "चालू दे बापा."

पदर ती आता दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. थंडी वाजते म्हणायची. वजनाचं काम माझ्याकडे आलं. मॅडमने हात उशीवर वर ठेवायला सांगितलंय, म्हणायची. मंगळवारी पुरुषांना आत घेत नसत. ती बाहेर आली की मी विचारायचो, "टेप काय म्हणते?" ती म्हणायची, "टेपले काय धाड भरली?" आणि मॅडमने नवीन गोळ्या दिल्या, त्या ताकदीच्या.

मला दुसरं काही दिसतच नव्हतं. बांगडी आणि गोंदण. टेकली की माझा दिवस सुटला.

* * *

मग तिचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. मॅडमने पोटाचा फोटो काढायला सांगितला. त्याआधी खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध गिलासभर प्यावं लागतं. ताईने एक घोट घेतला आणि नर्सला म्हणाली, "सिस्टर, आमच्या घराले गेल्या दिवाळीले हेच लावलं होतं."

कडक नर्स तोंड फिरवून हसली.

फोटो आला. साफ. मी प्लेट पाहिली नाही, स्टँडवरच्या त्या दिवसापासून मी कधी कोणाची प्लेट हातात धरली नाही. पण साफ हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात आलं. मी निघालोच. वॉचमन म्हणाला, "काय पेढेवाले, आणता काय आज?" मी म्हणालो, "डबाभर."

मागून ताईने हाक मारली. ती बाकड्यावर, रमाकाकूच्या खांद्याला टेकून बसली होती. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या, फोटो साफ आला तरी हसत नव्हत्या.

"गजू," ताई म्हणाली, "ह्या खेपेले पेढे नको आणू. मले खाल्ल्या जात नाई."

* * *

ताई गेली ती घरीच. सकाळी. भाऊजीच्या मांडीवर डोकं होतं. मी दूध घेऊन पोचलो तेव्हा भाऊजीने नुसती मान हलवली. मी म्हणालो, "चढव बांगडी." का म्हणालो मला माहीत नाही. रोज म्हणायचो म्हणून म्हणालो असेन.

सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं लुगडं, कुकू, हिरवा चुडा. माहेरचं लुगडं भावाने आणायचं असतं. चुडाही मीच आणतो म्हणालो. घरात थांबवत नव्हतं. सायकल काढली आणि देवळीला रमाकाकूच्या घरी गेलो.

ती ओट्यावर बसली होती. मला पाहिलं आणि काही न विचारता आत गेली, पेटी घेऊन आली.

मी म्हणालो, "काकू, हिरवा चुडा दे. दोन्ही हाताचा. ताई दोन-सहाचं माप घालते."

"उजव्यात," रमाकाकू म्हणाली.

तिने पेटीतून दोन-सहाच्या मोजून काढल्या, सुतळीने बांधल्या. मग आत जाऊन फडताळातून एक वेगळा जुडगा आणला. तो आधीच बांधलेला होता. तिने तो माझ्या हातात ठेवला. "हा डाव्याचा. मिसळू नको."

मी त्यातली एक बांगडी सोडवली. माझे हात कुदळ मारणाऱ्याचे, बोटं जाड, बाजारातली बांगडी माझ्या चार बोटांवरही येत नाही. मी मूठ बंद केली आणि त्यात घातली. मूठ आरपार गेली. बांगडी माझ्या मनगटावरून खाली कोपराकडे घसरत गेली.

रमाकाकूने ती माझ्या हातातून काढून घेतली, पदराने पुसली, परत जुडग्यात बांधली. तिच्या स्वतःच्या डाव्या हातात काही नव्हतं. मला ते तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

मी सायकलवर दोन्ही जुडगे छातीशी धरून परत आलो. चुडा भरायला बायांनी दार लोटून घेतलं. आम्ही पुरुष बाहेर अंगणात उभे. थोड्या वेळाने भाऊजीची बहीण दारात आली, डोळे पुसत.

"दोन्ही हाताच्या बरोबर बसल्या," ती म्हणाली. "डावी तं गोंदणापर्यंत गेली. माप कोणं देल्लं होतं?"